फॅनी हेन्सेल : भावाच्या सावलीतील प्रतिभा

संगीतकार फेलिक्स मेंडेल्सनचे नाव रसिकांना परिचित आहे. त्याची थोरली बहीण फॅनी मात्र उपेक्षितच राहिली. म्हणून मला तिच्याविषयी लिहावेसे वाटले.

तिचा जन्म १८०५ साली हॅम्बुर्ग येथे झाला. बर्लिनमध्ये दोघा भावंडांनी एकाच गुरूपाशी शिक्षण घेतले. परंतु ती चौदा वर्षांची असतानाच वडिलांनी बजावले की, फेलिक्ससाठी संगीत हा व्यवसाय होऊ शकेल, तिच्यासाठी तो केवळ अलंकार! तिची सहा गीते भावाच्या नावाने छापली गेली. १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने त्यांतलेच एक गायले, तेव्हा ते बहिणीचे असल्याचे फेलिक्सला कबूल करावे लागले.

१८२९ मध्ये चित्रकार विल्हेल्म हेन्सेलशी तिचा विवाह झाला. संसार सांभाळून ती घरीच रविवारच्या मैफली भरवी. १८४१ साली तिने बारा महिन्यांवर पियानोच्या रचना केल्या. तिचा १८२८ मधील ‘ईस्टर सोनाटा’ भावाचाच समजला जाई. २०१० मध्ये हस्तलिखितावरून तो तिचा ठरला.

फेलिक्सच्या बंधुप्रेमाविषयी मला शंका नाही. तरीही बहिणीने रचना प्रसिद्ध करण्यास त्याने इतकी वर्षे विरोध का करावा, हे मला उमगत नाही. अखेर १८४६ साली तिने त्या स्वतःच्या नावाने छापल्या. १४ मे १८४७ रोजी मैफलीच्या तालमीतच तिला पक्षाघाताचा झटका आला व त्यातच तिचा अंत झाला. स्वतःचे नाव छापलेले पाहण्याचे सुख तिला जेमतेम वर्षभरच लाभले.