भट्टीत कोळसा टाकणारा रॉकस्टार : व्हिक्टर त्सोई

ज्याच्या गाण्यांनी सोव्हिएत युनियनमधली पोरं वेडी केली, तो गडी लेनिनग्राडच्या एका बॉयलर रूममध्ये भट्टीत कोळसा टाकायचा. कारण? तिथल्या कायद्यात काम न करणं हा गुन्हा होता आणि रॉक गाणं हे काही काम धरलं जायचं नाही. मग त्सोईनं अशी नोकरी धरली, जिथं गाणी लिहायला वेळ मिळेल.

त्याचा जन्म १९६२ चा. वडील कोरियन वंशाचे इंजिनिअर, आई रशियन. १९८२ मध्ये त्याच्या ‘किनो’ बँडचा पहिला अल्बम आला. ४५ मिनिटांचा, म्हणून नावही ‘४५’! सरकारी रेकॉर्ड कंपनीनं नाही, तर पोरांनीच टेपवर कॉप्या मारून तो गावोगाव पोहोचवला.

१९८८ चं ‘ग्रुप्पा क्रोवी’ म्हणजे ‘रक्तगट’, सैनिकांच्या बाहीवर लिहिलेला. तेव्हा अफगाणिस्तानातून शवपेट्या परतत होत्या. लोकांना वेगळं समजावायची गरजच नव्हती.

जून १९९० मध्ये त्यानं मॉस्कोचं लुझ्निकी स्टेडियम गाजवलं. १५ ऑगस्टला लाटव्हियात त्याची गाडी बसवर आदळली. वय फक्त २८. नव्या गाण्यांसाठी आवाज आधीच रेकॉर्ड झाला होता. साथीदारांनी बाकीचं वाजवून अल्बम पूर्ण केला, कव्हर नुसतं काळं ठेवलं.

आणि ती बॉयलर रूम? तिचं पुढं क्लब-म्युझियम झालं.