कासऱ्याविना गाडीवान

घटसर्प हा शब्द आजच्या तरुण आयांना लसीकरणाच्या कार्डावरच दिसतो. त्यांच्या आज्या-पणज्यांना मात्र तो ऐकूनच धडकी भरत असे. घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो आणि खेळते मूल चार दिवसांत हातचे जाते. १९२५ च्या जानेवारीत अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम या गावात हा रोग शिरला. गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्च. त्यांच्याजवळचे सीरम जुने, मुदत टळलेले. समुद्र गोठल्यामुळे बोटी बंद, रेल्वे हजारभर किलोमीटरवर थांबलेली, आणि त्या काळची उघडी विमाने हिवाळ्यात सुटी करून ठेवलेली. औषध आणायचे तर कुत्र्यांच्या स्लेजवरूनच. मग गावाला एकच नाव आठवले, लिओनार्ड सेप्पाला. त्याची एकुलती एक मुलगी सिग्रिड तेव्हा आठ वर्षांची होती आणि त्याच गावात होती.

हा सेप्पाला मूळचा नॉर्वेच्या अगदी उत्तरेचा. जन्म १८७७ चा. वडील लोहार आणि कोळी. मुलानेही दोन्ही धंदे शिकून घेतले. नोमला सोने सापडल्याची हूल उठली तेव्हा, १९०० साली, तो तिकडे गेला. याफेट लिंडेबर्ग हा त्याचा देशबांधव तिथे खाणमालक झाला होता. त्याच्याकडे सेप्पालाला काम मिळाले. सोने काही मिळाले नाही. मिळाली ती कुत्री. खाणीचे सामान, टपाल, माणसे सारे हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीवरून जायचे. हा बुटका, काटक माणूस त्यात असा रमला की तेच त्याचे आयुष्य झाले.

१९१३ साली लिंडेबर्गने सैबेरियातून काही कुत्री आणवली. दक्षिण ध्रुव जिंकणारा रोआल्ड आमुंडसेन उत्तरेच्या मोहिमेच्या बेतात होता. त्याला ती भेट द्यायची होती. सेप्पालाकडे त्यांच्या शिक्षणाचे काम आले. पुढे मोहीम रद्द झाली आणि कुत्री त्याच्याकडेच राहिली. नोमचे लोक या कुत्र्यांना हसत. तिथली नेहमीची कुत्री दांडगी, आणि ही म्हणजे उंदीर! पुण्या-मुंबईच्या सदनिकांत एअर कंडिशनर लावून पाळले जाणारे सैबेरियन हस्की पाहिले की मला हटकून तो उपहास आठवतो. ही जात भार ओढण्यासाठी नव्हे, तर हलका भार घेऊन दिवसभर न थकता धावण्यासाठी वाढवलेली आहे. सेप्पालाने ते ओळखले.

कुत्र्यांच्या गाडीला कासरा नसतो, हे आपल्याकडच्या माणसाला चटकन खरे वाटत नाही. बैलाला कासरा ओढून वळवता येते. इथे गाडीवान सर्वांत मागे, स्लेजच्या दांडीला धरून उभा. पुढे जोडीजोडीने बांधलेली दहा, पंधरा, वीस कुत्री. उजवीकडे वळायला एक हाक, डावीकडे वळायला दुसरी. ती ऐकून पाळायची ती सर्वांत पुढच्या म्होरक्याने; बाकीची त्याच्यामागे. म्हणजे सारा भरवसा त्या एका जनावरावर. नुसता आज्ञाधारक म्होरक्या पुरत नाही. पुढचा बर्फ तडकलेला असेल तर मालकाची आज्ञा मोडून थांबण्याची अक्कल त्याला हवी. ती चाबकाने येत नाही. शेतकरी नवा गोऱ्हा जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपून शिकवतो, तसेच इथेही. सेप्पाला चाबकापेक्षा आवाजावर आणि सहवासावर विसंबे, अशी त्याची ख्याती होती.

१९१४ साली तो नोम ते कँडल आणि परत, अशा ६५६ किलोमीटरच्या मोठ्या शर्यतीत उतरला. कुत्री कोवळी, वाट अपरिचित. हिमवादळात रस्ता चुकला, संघ थेट समुद्रकाठच्या कड्याकडे धावला, आणि कसाबसा परत वळवेपर्यंत कुत्र्यांचे पंजे बर्फाने फाटून गेले. त्याने शर्यत सोडली. पुढची तीन वर्षे, १९१५, १९१६ आणि १९१७, तोच जिंकला. त्या तीन विजयांपेक्षा मला त्या माघारीत हा माणूस जास्त दिसतो. जखमी कुत्री दामटून शर्यत पुरी करणारे काही कमी नव्हते.

त्याचा लाडका म्होरक्या टोगो. जपानी नौसेनापतीवरून ठेवलेले नाव. पिल्लू असताना आजारी, किडकिडीत आणि खोडकर. सेप्पालाने ते देऊन टाकले, तर पठ्ठ्या खिडकीची काच फोडून परत आला! आठव्या महिन्यात धावणाऱ्या संघात लुडबुड करतो म्हणून त्याला जुंपले, तर पहिल्याच दिवशी तो सव्वाशे किलोमीटर धावला. संघात त्या दिवशी मागे जुंपलेला हा पोरगा संध्याकाळपर्यंत पुढे पोचला होता.

१९२५ साली टोगो बारा वर्षांचा, म्हणजे म्हाताराच होता. नेनानापर्यंत रेल्वेने आलेले सीरम पुढे १०८५ किलोमीटर न्यायचे होते. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी ते हातोहात पोचवले. बहुतेकांच्या वाट्याला ३० ते ८० किलोमीटर आले. सेप्पाला मात्र नोमहून उलट दिशेने निघाला होता. तो वाटेत असतानाच अधिकाऱ्यांनी जास्त गाडीवान नेमले. त्याला कळवणार कसे? शाक्तूलिकजवळ हेन्री इव्हानॉफ औषध घेऊन समोरून येत होता, आणि वाऱ्याच्या घोंगाटात सेप्पाला त्याला ओलांडून जाण्याच्या बेतात होता. हाक ऐकू आली म्हणून थांबला. तसाच उलट फिरला आणि रात्रीच्या वादळात नॉर्टन आखातावर गाडी घातली. खाली गोठलेला समुद्र, तोही केव्हा फुटेल याचा नेम नाही. टोगोने वाट धरली. औषधासह १४६ किलोमीटर, येणे-जाणे धरून ४२० च्या आसपास! गोलोविनला त्याने ते पुढच्या गाडीवानाच्या हाती दिले. थोड्याच तासांनी तो बर्फ फुटला. २ फेब्रुवारीच्या पहाटे सीरम नोमला पोचले. सिग्रिड सुखरूप राहिली.

शेवटचा टप्पा गुन्नार कासेनचा होता आणि त्याचा म्होरक्या बाल्टो सेप्पालाच्याच कुत्र्यांतला. गावात शिरताना जो पुढे, त्याचे छायाचित्र निघते. वर्ष सरायच्या आत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. सेप्पालाला हे आयुष्यभर लागले. कासेननेही वादळात ८५ किलोमीटर गाडी हाकली होती, हे विसरून चालणार नाही. पण आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर चढताना पाहणे कोणाला सोपे जाईल?

पुढे तो टोगोला घेऊन अमेरिकाभर फिरला. न्यूयॉर्कला टोगोच्या गळ्यात सुवर्णपदक घातले ते आमुंडसेनने. मेन राज्यात पोलंड स्प्रिंगला सेप्पालाने कुत्र्यांचे पालनकेंद्र काढले. आजच्या हस्कींच्या वंशावळीत त्याची कुत्री सापडतात. थकलेल्या टोगोला तिथेच मागे ठेवून त्याला अलास्काला परतावे लागले. १९२९ च्या डिसेंबरात टोगो गेला. १९३२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, लेक प्लॅसिडला, कुत्र्यांची शर्यत प्रात्यक्षिक म्हणून ठेवली होती. चोपन्न वर्षांचा सेप्पाला तिथे कॅनडाच्या सेंट गोदारच्या मागे दुसरा आला.

उतारवयात तो सिअ‍ॅटलला राहिला आणि १९६७ च्या जानेवारीत, ८९ व्या वर्षी वारला. त्याची रक्षा अलास्कात विखुरली गेली. टोगोचे पेंढा भरलेले शरीर वसिला गावच्या संग्रहालयात आहे. न्यूयॉर्कमध्ये सेवर्ड पार्कमध्ये त्याचाही एक छोटा पुतळा बसला, तो २००१ साली.