‘पेर’ कितायामा : चित्रांना चालायला लावणारे जलरंगकार

ज्या देशात आपली माणसे येऊन रुजली, त्या देशातल्या एका कलावंताची ओळख या स्मरणिकेत करून द्यावी असे आम्हाला वाटले. आपल्या मुलांना अ‍ॅनिमे आम्ही दाखवावे लागत नाही, पण कितायामा सेइतारो हे नाव त्यांच्याही कानावरून गेलेले नसते.

कितायामांचा जन्म १८८८ सालचा, वाकायामाचा. तरुणपणी ते जलरंगात रमले, जलरंगकारांच्या संघटनेत वावरले. पण स्वतःच्या चित्रांपेक्षा दुसऱ्यांच्या चित्रांचाच त्यांना अधिक ध्यास. चोविसाव्या वर्षी, १९१२ साली, त्यांनी पाश्चात्य शैलीच्या चित्रकलेला वाहिलेले मासिक काढले. त्यातून व्हॅन गॉगसारखे चित्रकार जपानी वाचकांना भेटले. किशिदा र्‍यूसेइ आणि त्यांच्या सोबतच्या तरुण चित्रकारांची प्रदर्शने भरवायलाही त्यांनी हातभार लावला. पॅरिसमध्ये गरीब चित्रकारांना सांभाळून घेणारा तांगी नावाचा रंगविक्रेता होता. त्याला सगळे ‘पेर’, म्हणजे बाबा, म्हणत. तिशीही न गाठलेल्या कितायामांना मित्रांनी तेच नाव दिले!

मग ते सिनेमाकडे वळले. निक्कात्सु कंपनीसाठी त्यांनी केलेला माकड आणि खेकड्याच्या भांडणाचा पट मे १९१७ मध्ये झळकला. त्याच वर्षी शिमोकावा आणि कोउची या दोघांचेही पट आले. हे तिघे जपानी अ‍ॅनिमेशनचे आद्य मानकरी. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, तीही याच सुमाराची.

सुरुवातीला कितायामा कागदावर एकामागून एक चित्रे काढीत. पात्राने नुसता हात हलवला तरी मागचे झाड, घर पुन्हा काढायचे. पुढे त्यांनी कागदाची कातरलेली चित्रे वापरली. एकट्याने हे रेटणार नाही हे ओळखून त्यांनी हाताखाली मुले घेतली, कामाची वाटणी केली. म्हणूनच मोमोतारो, उराशिमा तारो अशा लोककथांचे पट ते भराभर काढू शकले. १९२१ साली त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. निव्वळ अ‍ॅनिमेशनसाठी काढलेला जपानमधला तो पहिला.

आम्हा शिक्षकांना त्यांचे दुसरे काम जास्त जवळचे वाटते. पोस्टात बचत करा हे सांगणारा पट त्यांनी १९१७ सालीच केला, आणि हवेचा दाब व पाण्याचा पंप समजावणाराही नंतर केला. खडू-फळ्यावर पंपाचा दट्ट्या वरखाली करून दाखवताना काय त्रेधा उडते, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक.

१ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपाने टोकियो होरपळले. कितायामांचा स्टुडिओ गेला, पटही बहुतेक गेले. ते ओसाकाकडे परतले आणि तिकडेच कामाला लागले. १९३० साली अशा पटांच्या कृतीवर त्यांनी सविस्तर लेख लिहिला; हातचे काही राखून ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. फाळके १९४४ साली गेले, कितायामा त्याच्या पुढच्याच वर्षी, महायुद्ध चालू असताना.

त्यांच्या हाताखाली शिकलेले यामामोतो सानाए युद्धानंतरही टिकून राहिले. त्यांची संस्था १९५६ साली तोएइ कंपनीने घेतली आणि तिचे तोएइ दोगा झाले. मियाझाकी हायाओ १९६३ साली कामाला लागले ते तिथेच.

२०१६ साली टोकियो स्टेशन गॅलरीत ‘पेर कितायामा’ या नावाने मोठे प्रदर्शन भरले. भिंतींवरची बहुतेक चित्रे दुसऱ्यांचीच होती.