श्रेष्ठ यंत्र

थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म १११४ मध्ये झाला. त्यांचे गाव विज्जडवीड. तेच आजचे बीड होय, असे काही अभ्यासक मानतात. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. त्यात वेध घेण्याची अनेक यंत्रे वर्णिली. पाऱ्याच्या बळावर आपोआप फिरणारे चक्रही वर्णिले. तथापि श्रेष्ठ मान त्यांनी दिला तो ‘धीयंत्रा’ला, म्हणजे मानवी बुद्धीला. बुद्धिमान मनुष्य केवळ हातातील काठीच्या साह्याने दूरच्या वेळूची उंची व अंतर काढू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आज संगणक माणसासारखी उत्तरे देतात. ती पारखण्याचे आणि त्यांचा उपयोग कोणाच्या हितासाठी करावयाचा, हे ठरविण्याचे काम मात्र धीयंत्राचेच आहे.