बिअरच्या कारखान्यातला 'स्टुडंट'

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला संशोधनपद्धतीच्या अभ्यासात 'स्टुडंटची टी-चाचणी' हमखास भेटते. ही चाचणी विद्यार्थ्यांसाठी असल्यामुळे तिला असे नाव पडले असावे, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात 'स्टुडंट' हे एका माणसाने घेतलेले टोपणनाव होते. तो माणूस कोणत्याही विद्यापीठातील प्राध्यापक नव्हता, तर डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातील एक अधिकारी होता. त्याचे नाव विल्यम सीली गॉसेट.

गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. वडील लष्करात कर्नल होते. मुलानेही तीच वाट धरली असती. पण अधू दृष्टीमुळे ती बंद झाली. विंचेस्टर येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्राचे अध्ययन केले आणि १८९९ मध्ये ते गिनेसमध्ये रुजू झाले. त्या काळी ही कंपनी विद्यापीठांतील हुशार पदवीधरांना मुद्दाम नोकरीवर घेत असे. बार्ली आणि हॉप्स यांची प्रत ठरवणे, हे काम अनुभवाच्या अंदाजावर न सोडता मोजमापावर आणण्याचा तिचा प्रयत्न होता.

येथेच गॉसेट यांच्यापुढे पेच उभा राहिला. तेव्हाचे संख्याशास्त्र शेकडो, हजारो नोंदींवर आधारलेले होते. कारखान्यातील एखादा प्रयोग मात्र फार तर चार-पाच वेळा करणे परवडत असे. इतक्या थोड्या निरीक्षणांवरून काढलेल्या सरासरीवर कितपत विसंबायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कंपनीने १९०६ मध्ये त्यांना लंडनला कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत धाडले.

दोन वर्षांनी, १९०८ मध्ये, 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आपले सूत्र पडताळण्यासाठी त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांच्या उपलब्ध नोंदी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवल्या, ते तुकडे नीट पिसले आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. उदाहरणासाठी त्यांनी दहा रुग्णांवरील झोपेच्या औषधांचा प्रयोग घेतला. एका औषधाने झोप सरासरी ०.७५ तासाने वाढली होती, तर दुसऱ्याने २.३३ तासांनी. दुसरे औषध अधिक गुणकारी असण्याची शक्यता त्यांनी सुमारे ६६६ विरुद्ध १ अशी काढली. केवळ दहा माणसांवरून असा निष्कर्ष किती खात्रीने काढता येतो, हे आता मोजता येऊ लागले.

कर्मचाऱ्यांनी आपल्या नावाने संशोधन प्रसिद्ध करण्यास कंपनीची मनाई होती. म्हणून निबंधावर 'स्टुडंट' एवढेच नाव आले. मोठ्या नमुन्यांत रमलेल्या पिअर्सन यांना या शोधाचे फारसे मोल वाटले नाही. ते ओळखले तरुण रोनाल्ड फिशर यांनी. त्यांनी सूत्राला पक्की गणिती सिद्धता दिली, त्याला आजचे 'टी' हे रूप दिले आणि १९२५ च्या आपल्या ग्रंथातून ते जगभरच्या संशोधकांपर्यंत पोहोचवले. पिअर्सन आणि फिशर यांचे हाडवैर प्रसिद्ध होते. गॉसेट यांचा स्नेह मात्र दोघांशीही अखेरपर्यंत टिकला.

आकड्यांपेक्षा ते कसे गोळा झाले, याकडे गॉसेट यांचे अधिक लक्ष असे. १९३० मध्ये स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर येथे २०,००० शाळकरी मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. निम्म्या मुलांना चार महिने रोज दूध देण्यात आले आणि त्यांच्या वाढीची तुलना उरलेल्यांशी करण्यात आली. गॉसेट यांनी पुढच्याच वर्षी या प्रयोगातील दोष उघड केला. दूध कोणाला द्यायचे, यात फेरबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती; कळवळ्यापोटी त्यांनी गरीब, अशक्त मुले दुधाच्या गटात घातली असावीत, असे त्यांनी दाखवून दिले. कारण दूध न मिळालेली मुले मुळातच अधिक उंच व वजनदार होती. शिवाय मुलांचे वजन हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, अंगावरील कपड्यांसह घेतले गेले होते. गरीब मुलांच्या अंगावर हिवाळ्यातही कपडे कमीच; त्यामुळे वजनातील फरकही फसवा ठरत होता. गट सदोष असतील, तर २०,००० ही संख्याही निरुपयोगी, हे त्यांनी पटवून दिले. त्याऐवजी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेऊन हाच प्रयोग अत्यल्प खर्चात अधिक विश्वासार्ह होईल, असे त्यांनी सुचवले.

१९३५ मध्ये गिनेसच्या लंडनमधील नव्या कारखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नोकरी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. मोजक्या माणसांच्या निरीक्षणावरून मानवी मनाविषयी काही सांगू पाहणारा प्रत्येक संशोधक आज त्यांच्या ऋणात आहे. मात्र हे ऋण तो फेडतो ते 'स्टुडंट' या टोपणनावानेच.