क्ष-किरणांचे जनक : राँटगेन

गेल्या पावसाळ्यात माझे वडील बांधावरून घसरून पडले. तालुक्याच्या दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढला, तेव्हा मोडलेले हाड दिसले. हे किरण शोधणाऱ्या विल्हेल्म राँटगेन यांचे चरित्र मी मग ग्रंथालयातून आणून वाचले.

त्यांचा जन्म १८४५ साली जर्मनीत झाला. शिक्षकाचे व्यंगचित्र दुसऱ्यानेच काढले, पण आळ यांच्यावर आला आणि शाळा सुटली. शाळेचा दाखला नसताना प्रवेश परीक्षा देऊन ते झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिरले आणि १८६८ साली यंत्र अभियंता झाले. पुढे वुर्ट्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक असताना, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, काळ्या कागदात झाकलेल्या विद्युत्‌नळीमुळे जवळचा पडदा चमकताना त्यांनी पाहिला. त्या अज्ञात किरणांना त्यांनी ‘क्ष’ म्हटले. पत्नीच्या हाताची हाडे, बोटातल्या अंगठीसह, काचेवर उमटली.

१९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. शोधाचे पेटंट घेतलेच नाही. १९२३ साली ते वारले, तेव्हा महागाईने त्यांची पुंजी गिळून टाकली होती.

वडिलांचा हात आता बरा आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकून काय करायचे, असे कोणी विचारले की मला राँटगेन आठवतात.