पंडिता रमाबाई : दुःखानंतरची उभारणी

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींनी घरे गाडली व सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडवली. अशा आपत्तीनंतर नुकसानीचे पंचनामे होतात, भरपाईचे आकडे ठरतात. परंतु ज्याचे घरच्या घर एका प्रहरात नाहीसे झाले, तो माणूस पुढे कशाच्या आधारावर उभा राहतो, याचे उत्तर आमच्या अर्थशास्त्रात सापडत नाही. या प्रश्नाच्या निमित्ताने पंडिता रमाबाईंच्या आयुष्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून समाजाचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत राहिले. १८७० नंतरच्या दुष्काळात त्याची अन्नान्नदशा झाली. व्रते, उपवास, दानधर्म, शास्त्राने सांगितलेले सारे करून झाले आणि तरीही वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेली. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, पण १८८० मध्ये बंधू श्रीनिवासशास्त्री गेले, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाईंजवळ उरली ती तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. कानही अधू होत चालल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दुःखाने खचलेल्या विधवेला मिशनऱ्यांनी गाठले, असा याचा अर्थ आपल्याकडे लावला गेला. तो मला पटत नाही. ज्या बाईने वाँटेजच्या भगिनींशी धर्मतत्त्वांवर वर्षानुवर्षे वाद घातला, पाद्र्यांची आज्ञा निमूटपणे मानण्याचे नाकारले, तिची श्रद्धा केवळ शरणागतीतून आली नसावी. सोसणारा, पतितांना जवळ करणारा ख्रिस्त तिला भावला; आपले आप्त का गेले याचा उलगडा त्यातून झाला असेल असे वाटत नाही. उरलेल्या आयुष्याचे काय करावयाचे, हे मात्र ठरले.

त्याचीही किंमत द्यावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. मुलींना ख्रिस्ती केले जाते या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार म्हणून अंग काढून घेतले. मुली ख्रिस्ताकडे ओढल्या जात होत्या, हे खरेच होते, तेव्हा त्या सल्लागारांचा संकोचही समजण्याजोगा आहे. एकट्या पडलेल्या रमाबाई डगमगल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नावाचून भटकणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. स्वतःच्या बालपणीची उपासमार त्यांना तेथे पुन्हा दिसली असणार. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या तोंडांना केवळ देणग्यांवर किती दिवस पोसणार? म्हणून विहिरी, शेती, दूधदुभते, हातमाग, तेलघाणी आणि छापखाना. दुष्काळी मदतीचे काम संपते तेथे उपजीविकेचे काम सुरू व्हावे लागते, हे रमाबाईंना कोणत्याही आयोगाच्या अहवालावाचून उमगले होते. मुलींना प्रार्थना शिकविली, तसेच हाताला कामही दिले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्थेचा भार जिच्यावर सोपवावयाचा, तीच गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. खेड्यातल्या बाईला कळावे, एवढाच हेतू. लेकीच्या मृत्यूनंतरही ते काम त्यांनी थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा ते हातावेगळे झाले होते. १९२४ मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले, तेथील स्त्रियांच्या हातून.